बारा ताटांची पावती

मी पावती बोलतेय. जेवण झाल्यावर जिच्याकडे बघून तुमच्या कपाळाला आठ्या पडतात, "एवढं कसं झालं?" असं तुम्ही पुटपुटता आणि मग जिला खिशात कोंबता, तीच मी. माझ्या बहुतेक बहिणी दोन दिवसांत धुण्याच्या बादलीत लगदा होऊन संपतात. मी मात्र चांगली चार वर्षं जगलेय. आणि त्याचं श्रेय जातं एका केकला आणि करखात्याला. हसू नका, खरंच सांगतेय.

माझा जन्म एका हॉटेलच्या गल्ल्यावर झाला, भर दुपारी पावणेतीन वाजता. गल्ल्यावरच्या बाईंनी चार बटणं दाबली, यंत्र कुरकुरलं आणि मी बाहेर आले. अंगावर हॉटेलचं नाव, तारीख, बारा जेवणं, बारा सरबतं, एक मोठा केक आणि तळाशी एकूण आकडा. आकडा चांगलाच घसघशीत होता, त्यामुळे जन्मापासूनच मी जरा तोऱ्यात होते. शेजारच्या टेबलाची पावती निव्वळ दोन चहांची होती. मी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

टेबलावरची मंडळी एका छोट्या कंपनीतली होती. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचे आणि ग्रॅमभरही इकडेतिकडे होत नाही ना, हे तपासून परत द्यायचे, हा त्यांचा धंदा. कंपनीला पंधरा वर्षं झाली म्हणून मालकांनी अर्धा दिवस शटर ओढून सगळ्यांना जेवायला आणलं होतं. मालकांना सगळे दादा म्हणायचे. माणूस दिलदार, पण विसरभोळा, आणि कागदपत्रं म्हटली की लांब पळायचा. त्यांच्या शेजारी वहिनी, म्हणजे दादांची बायको. फायली, पगार, नोंदवही, सगळं त्याच सांभाळायच्या. म्हणून तर दादांना विसरभोळं राहणं परवडत होतं.

केक आला. आता तुमच्या-आमच्यात केक आला की सुरी घेतात आणि कापतात. इथे फिटरकाकांनी, म्हणजे कंपनीतल्या सगळ्यात जुन्या कारागिराने, खिशातून तळहाताएवढा काटा काढला.

"काका, अहो जेवायला आलोय आपण," वहिनी म्हणाल्या.

"म्हणून काय अंदाजपंचे कापायचं? शोभतं का आपल्याला?"

केक भरला नऊशे साठ ग्रॅम. माणसं बारा. "बारा आठे शहाण्णव," काका म्हणाले, "म्हणजे प्रत्येकी ऐंशी." आणि कापाकापी सुरू झाली. दादांच्या वाट्याला दोन ग्रॅम जास्त गेले, तर काकांनी सुरीच्या टोकाने तेवढं खरवडून पुढच्या तुकड्याला लावलं. मालक झाला म्हणून काय झालं!

त्या मंडळींची आणखी एक खोड होती. काट्यावर काहीही ठेवलं की नाव आणि वजन लिहून ठेवायचं. लिहिलं नाही तर ते वजन केलंच नाही, असा त्यांचा दंडक. कागदी रुमाल सरबताने ओले झाले होते, म्हणून काकांनी दादांच्या हातातून मला ओढलं, पालथी घातली आणि माझ्या पाठीवर निळ्या पेनने लिहायला सुरुवात केली. दादा ८०. वहिनी ८०. पेंटर ८०. मला अशा काही गुदगुल्या होत होत्या की विचारू नका. सगळ्यात शेवटी लिहिलं, मावशी ८०.

मावशींबद्दल सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी त्या झाडू-पोछा करायला म्हणून आल्या. मग कधीतरी लोखंडी वजनं धुवायचं काम त्यांच्याकडे आलं. वजनावर तेलकट थर बसला की ते जड होतं, गंज खाऊ लागला की हलकं होतं, आणि खोट्या वजनाने काटा तपासला तर सगळंच मुसळ केरात. मावशी एकेक वजन रॉकेलने धुवायच्या, पुसायच्या, उजेडात धरून बघायच्या आणि मगच काकांच्या हातात द्यायच्या. काका म्हणायचे, "मावशींनी पुसलेलं वजन मी डोळे मिटून वापरतो."

पण त्या दिवशी मावशींनी केकचा तुकडासुद्धा अगदी नाकाशी धरून बघितला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता.

"ऑपरेशन कधी करताय, मावशी?" वहिनींनी विचारलं.

"करू की. पण पंधरा दिवस घरी बसले तर त्या पंधरा दिवसांचे पैसे कोण देणार? दुसरा डोळा आहे की अजून!"

सगळे हसले. मीही हसले. आता त्याची लाज वाटते.

पुढचे आठ महिने मी दादांच्या पाकिटात काढले. शेजाराला पेट्रोलची एक पावती आणि दादांचे दोन पासपोर्ट फोटो, ज्यांत ते नुकतीच चोरी कबूल केल्यासारखे दिसत होते. दादा मला पार विसरून गेले होते. शेवटी करभरणीचे दिवस आले, वहिनींनी कारखान्यातल्या टेबलावर पाकीट झाडलं आणि मी उजेडात पडले.

समोर वहिनींचा धाकटा भाऊ बसला होता. तो कर-सल्लागार. वर्षातून एकदा यायचा, दोन कप चहा प्यायचा आणि दादांना घाम फोडून जायचा.

"दाजी, ही पार्टी खर्चात धरली नाही तुम्ही?"

"जेवण पण धरता येतं?" दादांचा चेहरा खुलला.

"कर्मचाऱ्यांसाठी असेल तर धरता येतं, थोडा कर वाचतो. पण कोण कोण होतं ते दाखवायला हवं. घरचं जेवण कंपनीच्या नावावर खपवणार असाल तर मला बोलवू नका." त्याने मला उलटं केलं. "अरे वा, यादी तयारच आहे की! पण प्रत्येकापुढे हे ऐंशी काय?"

"केक," वहिनी म्हणाल्या.

"केक?"

"ग्रॅममध्ये."

भावाने नोंदवही ओढली आणि एकेक नाव ताडून बघायला लागला. दादा-वहिनी धरून नोंदवहीत नावं होती अकरा. माझ्या पाठीवर बारा.

"ताई, ही मावशी कुठली? आपली थोरली मावशी आली होती की काय?"

"आपली नाही रे. कारखान्यातल्या मावशी."

"मग नोंदवहीत का नाहीत?"

दादा सावरून बसले. "त्यांना व्हाउचरवर देतो ना पैसे. साफसफाई, किरकोळ खर्च."

"किती दिवस झाले?"

"अकरा वर्षं."

"अकरा वर्षं किरकोळ?"

दादांनी पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा आहे हे बघून परत ठेवला.

"हे बघा दाजी," मेहुणा म्हणाला, "त्या पाहुण्या असतील तर नाव खोडा, एक ताट वजा करा, विषय संपला. कर्मचारी असतील तर नोंदवहीत घ्या. मग महिन्याचा पगार, पगारी रजा, सगळं द्यावं लागेल. मागचं काय, असंही कुणी विचारेल आणि दंडही बसेल. खोडणं स्वस्त आहे. पण खरं काय ते तुम्ही सांगायचं, मी मनाने काही लिहिणार नाही."

दंड हा शब्द ऐकला आणि दादांनी मला पुढ्यात ओढलं. त्यांनी पेन उचललं. वाईट माणूस नव्हता हो, पण घाबरलेला माणूस जवळची वाट धरतो.

नेमक्या त्याच वेळी मावशी दारात उभ्या होत्या. हातात धुतलेल्या वजनांचा ट्रे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"खोडा की दादा," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी तुम्हाला कशाला ताप? आणि मी तशी जेवलेही थोडंच."

हे त्या अगदी सहज म्हणाल्या, पाऊस थांबलाय म्हणावं तसं. मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. आणि पेन माझ्या पाठीवर टेकलं. 'मा'च्या डोक्यावरून रेघ निघालीसुद्धा.

"दादा." मागच्या टेबलावरून फिटरकाका बोलले. हातातलं काम त्यांनी सोडलं नव्हतं. "नाव खोडताय तर खोडा. पण मग वजन जुळणार नाही. केक नऊशे साठ होता. मावशींना काढलंत की ऐंशी ग्रॅम कमी भरतात. एवढं कमी दाखवणारा काटा घेऊन कुणी आपल्याकडे आलं असतं, तर तुम्ही त्याला शिक्का मारून दिला असता?"

पेन थांबलं. दादांची कानशिलं लाल झाली. वहिनी खाली बघत होत्या. ती व्हाउचरं दर आठवड्याला त्यांनीच तर लिहिली होती.

मग दादांनी पेनला टोपण लावलं. "मावशी, तो ट्रे ठेवा आणि इथे बसा," ते म्हणाले. "तुमचं पूर्ण नाव काय?"

अकरा वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच सुचला होता. मावशी खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या. नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि आपलंच नाव ऐकून लाजल्यासारख्या हसल्या. फार दिवसांत कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. वहिनींनी ते नोंदवहीत घोटीव अक्षरात लिहिलं, आणि लिहिताना त्यांचे डोळे भरून आले ते मी अगदी जवळून पाहिलं.

"आणि सोमवारपासून पंधरा दिवस रजा. पगारी," दादा म्हणाले. "डोळा करून घ्या आधी."

मावशींनी ट्रेमधलं एक वजन उचललं आणि पदराने पुसायला लागल्या. ते आधीच लख्ख होतं.

मेहुण्याने कागदावर भराभर आकडेमोड केली आणि डोक्याला हात लावला. "दाजी, अख्ख्या पार्टीवर जेवढा कर वाचतोय ना, त्यात मावशींचा अर्ध्या महिन्याचा पगारही निघत नाही. याला म्हणतात चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

"असू दे," दादा म्हणाले. "ताटं बाराच लाव."

पुढे करखात्याकडून पत्र आलं, प्रश्न आले, दंडही बसला. दादा महिनाभर कुरकुरले आणि नंतर स्वभावाप्रमाणे विसरून गेले. मावशींचा डोळा मात्र छान झाला. पहिल्याच दिवशी त्यांनी काकांनी पास केलेल्या दोन वजनांवर गंज शोधून काढला. काकांना ते दोन दिवस लागून राहिलं होतं.

आता माझं, या म्हाताऱ्या पावतीचं, काय झालं, तेवढं सांगते. आमच्या अंगावरची अक्षरं शाईची नसतात, उष्णतेने उमटलेली असतात, आणि ती हळूहळू उडून जातात. माझंही हॉटेल गेलं, तारीख गेली, ज्याचा मला एवढा तोरा होता तो आकडाही गेला. फायलीत माझी झेरॉक्स आहे, त्यामुळे माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. गेल्या आठवड्यात कपाट आवरताना वहिनींनी मला बाहेर काढलं. "हा कोरा कपटा कशाला ठेवलाय?" म्हणत त्या टोपलीकडे वळल्या.

शेजारी मावशी कपाट पुसत होत्या. त्यांनी मला हातात घेतलं, उलटं केलं, आणि वरपासून खालपर्यंत एकेक नाव वाचलं. शेवटच्या ओळीशी त्यांचं बोट थांबलं. 'मा'वरच्या रेघेकडे त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. माझा जीव मुठीत. एवढी जखम मी लपवणार तरी कशी?

"अर्धीच आहे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा बघून, "टाकू नका वहिनी. मला द्या."

तेव्हापासून मी मावशींच्या चष्म्याच्या डबीत असते, चार घड्या घालून. कुणाच्या खर्चात नाही, कुणाच्या करात नाही. आता फार दिवस राहिले नाहीत माझे. घड्यांवर फाटायला लागलेय. जाण्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी यादी करायला बसलात, तर लिहायच्या आधी एकदा मान वर करून खोलीभर बघा. कुणीतरी दारात उभं असेल.