शहागडहून आलेली करणी

गिरिजाबाईंच्या न्हाणीपुढे इतकी गर्दी झाली होती, की दोन बायका पाण्याच्या टाकीवर चढून बसल्या होत्या. आत मच्छिंद्र महाराज जाड लाकडी पाटावर उभे. त्यांनी शॉवरच्या नळीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

"चाव. मला चाव की. न्हाई चावत. वळखून राह्यली मला."

मग त्यांनी गिरिजाबाईंच्या सुनेला, शीतलला, पुढे बोलावलं. "पाय धुऊन ये, बाई. चप्पल चालत न्हाई."

ओल्या फरशीवर उभं राहून शीतलनं नळीला बोट लावलं आणि ती झटका खाऊन मागे भिंतीवर आदळली.

"बघा," महाराज म्हणाले. "ज्या घरून आली, त्याच घरच्या लेकीला खाती."

झालं होतं असं. गिरिजाबाईंच्या मुलाचा, शीतलच्या नवऱ्याचा, सूरजचा हात एमआयडीसीतल्या मिलमध्ये भाजला. लालबुंद सळ्यांच्या मिलमध्ये हात भाजायला करणी लागत नाही. पण आईचं काळीज, तिनं महाराजांना बोलावलं. न्हाणीमागची माती भुसभुशीत दिसली तशी महाराजांनी तिथं कुदळ मारायला लावली. निघालं मीठ, कोळसा, तांब्याचा पत्रा आणि पत्र्याला जोडलेली हिरवी वायर. महाराजांनी वायर तोडली आणि सगळा ऐवज नाल्यात टाकायला लावला.

हे पुरलं कोणी? गिरिजाबाईंना आठवलं. लग्नात शीतलच्या वडिलांनी, शहागडच्या साहेबरावांनी, विजेवर पाणी तापवणारा शॉवर दिला होता. बसवायलाही तिकडचाच वायरमन आला होता. त्यानंच न्हाणीमागं खड्डा घेतला होता.

महाराजांनी खड्डा उकरला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून शॉवर चावायला लागला. तोही फक्त शीतलला.

आता तिची पिशवी ओट्यावर भरून ठेवली होती. बापाकडून उतारा घेतल्याशिवाय परत यायचं नाही, असं ठरलं होतं. मी शेजारची; जवळ गेले तर ती हळूच म्हणाली, "काकू, त्या वायरमनला मी चहा करून दिल्ता. काय पुरून राह्यला, इचारलं सुदिक न्हाई. माझंच चुकलं."

मी शाळेतल्या संध्याबाईंना फोन लावला. त्या विज्ञान शिकवतात आणि कपाळाला आठी न घालता ऐकतात.

त्या आल्या. आधी विचारलं, "चावायला कधी लागलं? खड्ड्याच्या आधी की नंतर?"

"नंतर," गिरिजाबाई म्हणाल्या. "चवताळली ना ती."

"सूरज आंघोळीला पायात काय घालतो?"

"रबरी सिलिपर. बाप्या माणसाला कोन बोलावं."

"तुम्ही?"

"मी चुलीवरलं पानी घेते. शॉवरखाली उभं राह्यला मी काय नवरी हाय?"

"आणि शीतल?"

"चप्पल घालून आंघोळ केली तर लक्ष्मी रुसती. म्या सांगितलं तिला."

संध्याबाईंनी पर्समधून टेस्टर काढून नळीला लावला. आतला दिवा पेटला. मेन स्विच बंद केला, दिवा विझला.

"महाराज, बटन बंद केलं की करणी झोपती का?"

"माझं आज मौन हाय," महाराज म्हणाले.

"चालू करून, नळी धरून पाटावरून उतरा म्हटलं तर उतराल? नका उतरू. जीव जाईल."

महाराज मेन स्विच बंद असतानाही पाटावरून उतरले नाहीत. गर्दीत कोणीतरी हसलं.

मग संध्याबाईंनी समजावून सांगितलं. शॉवरच्या आत पाणी तापवणारी कॉइल चिरली होती, त्यामुळे वीज नळीत उतरत होती. हिरवी वायर ती वीज मुकाट जमिनीत नेत होती. मीठ आणि कोळसा माती ओली धरतात, म्हणून विजेला जमिनीत शिरायला वाट मिळते. "आमच्या शाळेतही असाच खड्डा आहे. त्याला अर्थिंग म्हणतात. तुम्ही ती वाट तोडली. मग वीज शीतलच्या ओल्या पायांतून गेली. कोरड्या पाटातून आणि रबरातून तिला जाता येत नाही."

"म्हंजे साहेबरावांनी..." गिरिजाबाई पुटपुटल्या.

"लेकीला झटका बसू नये म्हणून पुरलं होतं."

महाराज केव्हा सटकले, कळलं नाही. गिरिजाबाईंनी पिशवी उचलून आत नेली आणि एकेक साडी परत घडी करत बसल्या. एकच साडी तीनदा घडी केली. सुनेकडे बघायचं धाडस त्यांना होईना.

शीतल मात्र अंगणात उकरलेल्या खड्ड्याशी उभी होती. "काकू, सासूबाईंनी म्हनलं ते सोडा. मलाबी खरं वाटलं. काल बाबांना फोनवर म्हनले, काय केलं तुमी माझ्या घरावर. वायर तोडली, शॉवर चावतो, सगळं सांगून फोन ठेवून दिला."

तिनं फोन लावला. पलीकडून हॅलो आलं, ही "बाबा" एवढंच म्हणाली. साहेबराव लगेच म्हणाले, "पोरी, बटन बंद ठेव. वायरमनला घेऊन निघालोय मी."

नवी कॉइल बसली, खड्डा परत भरला, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विचही लागला. इतकं सगळं एका दुपारचं काम. बापाला लावलेला बोल मात्र कुठला वायरमन काढणार? म्हणून एवढंच मागते. घरात काही चावलं, जळलं, पेटलं, तर संशय आधी वायरीवर घ्या. वायरीला वाईट वाटत नाही.