लेकुरवाळीचा फोटो

साक्षी नावाची नागपूरची पोरगी कॅमेरा घेऊन सकाळी सहालाच डोंगरावरच्या पडक्या गडीत पोचली, तेव्हाच देवकाबाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. देवकाबाईच्या शेळ्या याच डोंगरावर चरत. गडीतली लेकुरवाळी, म्हणजे मांडीवर मूल घेतलेली दगडातली हातभर बाई, हा तिचा जीव की प्राण. देवकाबाईचा लेक तिलक या लेकुरवाळीच्याच नवसाचा. शेजारच्या टेकडीवरच्या नंदीचा फोटो कोणीतरी असाच मोबाइलवर फिरवला होता आणि महिन्याच्या आत नंदी चोरीला गेला होता.

"इतक्या पाह्यटी कायले आली वं?"

"उन्हं तिरपी आहेत तोवरच कोरीव काम उठून दिसतं, मावशी. नंतर सगळं सपाट."

ऐका! दगड बघायला म्हणे तिरपं ऊन लागतं. देवकाबाईला यातलं अक्षरही पटलं नाही. त्यात पोरीने विचारलं, "खालचं गवत बाजूला करू का? मूर्ती जमिनीत पक्की आहे ना?"

झालं. एवढं पुरे होतं. देवकाबाई कमरेवर हात ठेवून लेकुरवाळीपुढे उभी राहिली.

"मावशी, जरा सरका ना."

"काऊन? मी का वाईट दिसून राहिली?"

साक्षी उजवीकडे गेली, बाई उजवीकडे. ती डावीकडे, तर बाईही डावीकडे. शेवटी पोरगी हसत सुटली आणि तिने बाईचेच अकरा फोटो काढले. उतरताना शेळ्यांमागे असलेल्या तिलकला नंबर देऊन म्हणाली, "मावशींचे फोटो पाठवते."

"काई मंगवू नोको," देवकाबाईने लेकाला बजावलं. आपण चोराला कसं परतवून लावलं, हे तिने आठवडाभर गावभर सांगितलं.

पुढे फाल्गुनात ती दोन दिवस जवळच्याच गोरेगावला लग्नाला गेली. परत येऊन बघते, तर लेकुरवाळीच्या जागी नुसता खड्डा. बाई धाय मोकलून रडली. तिच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते साक्षीचंच.

महिन्याभराने सडक अर्जुनीजवळ एक टेम्पो पकडला गेला. त्यात तणसाच्या पेंढ्यांखाली नऊ मूर्ती होत्या आणि माणसं सगळी परराज्यातली. त्यांनी साक्षीचं नावही कधी ऐकलं नव्हतं. देवकाबाई तिलकला घेऊन पोलीस ठाण्यात धावली.

"लेकुरवाळ्या तीन आहेत आणि 'आमची, आमची' म्हणणारी गावं पाच," साहेब म्हणाले. "कोर्टात तुमचा शब्द नाही चालत, बाई. जागेवरचा फोटो दाखवा."

तिलकने नंबर खोडला नव्हता. फोन करताना देवकाबाईला तोंड वर करवेना. साक्षीने मात्र एका शब्दाने टोचलं नाही. दहा मिनिटांत अकराही फोटो आले.

काय फोटो होते! तिरप्या उन्हात गडीचा चिरा न् चिरा मोजून घ्यावा. देवकाबाईची सुरकुती न् सुरकुती, नाकातला खडा, दोन्ही हात कमरेवर, लुगड्याचा घोळ ऐसपैस पसरलेला.

"यात मूर्ती कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

देवकाबाईने एकेक फोटो सरकवून पाहिला. अकरावा झाल्यावर तिने मोबाइल टेबलावर ठेवला.

"माह्या मांगं हाय, साहेब," ती म्हणाली.