आपल्याकडे

धाकट्या बहिणीचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. फोनवर ती हवापाण्याचं आणि भाच्याच्या नोकरीचं बोलते. महत्त्वाचं काही असलं की लिहिते. माझ्या शेजारची खोली रिकामी आहे, हे मीच तिला कधीतरी बोलून गेलो होतो. तिनं लिहिलं होतं, 'दादा, तुला तिथं खरंच आवडतं का? आवडत असेल तरच मी हे घर सोडून येते. नुसतं बरं आहे, असलं काही कळवू नकोस.'

मी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक मला चटकन दिसते, स्वतःचं वाक्य लिहायला बसलो की हात आखडतो. 'आवडतं' लिहिलं, ते उगाच मोठ्यानं बोलल्यासारखं वाटलं. 'रुळलो आहे' लिहिलं, ते नव्या चपलेबद्दल लिहिल्यासारखं झालं. शिवाय माझ्या शब्दावर ती आली आणि तिला करमलं नाही तर? कागद खणात तसाच राहिला.

आमची वसाहत निवृत्त माणसांची, पण इथं स्वस्थ कोणी बसत नाही. सकाळी तलावात व्यायाम, दुपारी सुतारकाम, संध्याकाळी टेबल टेनिसवरून भांडणं. मी आलो तेव्हा वाचनालयाच्या कोपऱ्यात दडून असायचो. फलकावर 'जेष्ठांसाठी पोहण्याचा वर्ग' असं लिहिलेलं मला बघवेना, म्हणून आसपास कोणी नाही असं पाहून पेन्सिलीनं 'ज्ये' केलं. नेमकं मेट्रननं पकडलं. मेट्रन म्हणजे रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. तिचा हुकूम अजून कोणी मोडत नाही. तिनं माझं नाव वेलांटी ठेवलं. पाठीच्या बाकालाही शोभतं, म्हणाली. मग फलक दुरुस्त केलात तर वर्गालाही या, असं सांगून मला पाण्यात उतरवलं.

परवा व्यवस्थापक बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या आणि एक जोडपं खोल्या बघायला आलं. मेट्रनचा टेबल टेनिसचा अंतिम सामना होता. तिनं चाव्यांचा जुडगा माझ्या हातात कोंबला. "दाखवा तुम्ही, वेलांटी. आणि जमिनीशी बोलू नका, त्यांच्याशी बोला."

गृहस्थ पूर्वी बस चालवायचे. लेकीच्या आग्रहाखातर आले होते आणि ते चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्यांच्या बायकोनं जेवणाचं विचारलं. मी सांगितलं, आपल्याकडे लवकर गेलं तर खिडकीजवळची जागा मिळते. आपल्याकडे टेबल टेनिसमध्ये हरलेला दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाढतो, त्यामुळे मेट्रननं वाढलेलं कोणी कधी पाहिलेलं नाही. बाई हसल्या. मग मी तलावाचं सांगितलं, सुतारशाळेचं सांगितलं. आपण इतकं बोलतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

शेवटी शेजारची खोली उघडली. गृहस्थांनी खिडकी ढकलली, बाहेर पाहिलं आणि पहिल्यांदाच मोकळे झाले.

"तुम्ही मघापासून 'आपल्याकडे' म्हणताय," ते म्हणाले. "दुसरीकडे पाहिलं, तिथं सगळे 'आमच्याकडे, आमच्याकडे' करत होते. तुम्ही आम्हाला धरूनच बोलताय. ठरलं तर मग, हीच खोली."

 परक्यांशी बोलताना 'आमच्याकडे' हवं होतं. दुसऱ्याच्या मजकुरात ही चूक माझ्या नजरेतून सुटली नसती. पण ती कशी झाली, हेही मला तिथंच उभ्या उभ्या कळलं: मनातल्या मनात मी बहिणीशीच बोलत होतो.

"ही खोली दिलेली आहे," मी म्हणालो.

"कोणाला?"

"माझ्या बहिणीला."

बाईंनी विचारलं, कधी येणार आहेत त्या? अजून कळवायचं आहे, मी म्हणालो. कोणी कोणाला, असं त्यांनी विचारल्यावर खरं सांगण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

"मी तिला."

दोघंही खो खो हसत सुटले. मी त्यांना खालची, सुतारशाळेलगतची खोली दाखवली. करवतीचा आवाज ऐकून गृहस्थ दारातच रेंगाळले. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली की हे आता इथून हलायचे नाहीत.

सामना जिंकून आलेल्या मेट्रनला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, व्यवस्थापक बाईंना मी थोपवते, पण रिकामी खोली फार दिवस कोणी ठेवत नाही. "आणि पत्र आजच टाका. तुमचं शुद्धलेखन संपेपर्यंत ती बिचारी म्हातारी होईल."

"झालीच आहे," मी म्हणालो.

खोलीत येऊन लिहायला बसलो.

'मला इथं आवडतं. खूप आवडतं. तुला आवडेल का, ते मला सांगता येत नाही; भीतीही वाटते. पण आपल्याकडे येऊन तर बघ.'

सवयीनं एकदा वाचून काढलं. काही बदललं नाही. पाकीट चिकटवलं आणि फाटकाबाहेरच्या टपालपेटीत टाकून आलो.