गुडघ्याने उघडणारा ड्रॉवर

सुडाच्या सिनेमाचं शूटिंग खऱ्या पोलीस ठाण्यात करायचं ठरलं आणि लाचखाऊ फौजदाराचं काम तिथल्या खऱ्या फौजदारालाच मिळालं. काम एवढंसंच. बापाच्या खुनाचा सूड घ्यायला आलेला नायक पाकीट पुढे सरकवतो, फौजदार ते घेतो आणि मग गोळी खातो. गोळीची फौजदाराला काडीची फिकीर नव्हती. धास्ती होती ती पाकिटाची, कारण ज्यांच्या सहीवाचून त्याची बढती अडली होती, ते मोठे साहेब शूटिंग बघायला येणार होते.

बायकोने घरी तालीम घेतली. पाकीट पुढे करून ती बजावायची, "अहो, जरा चाचरा. जन्मात पहिल्यांदा घेताय असं दिसू द्या." पण अंग ऐकेल तर शपथ. पाकीट दिसलं की डोळे छताला लागायचे आणि गुडघा हलायचा. घरच्या टेबलाला ड्रॉवर नव्हता, तरी हलायचा. ठाण्यातल्या ड्रॉवरला त्याने मेण चोळून ठेवलं होतं. तो उघडला तर आतल्या कोळ्याचीही झोपमोड होत नसे. बंद होताना तेवढा टक वाजे.

शूटिंगच्या दिवशी फौजदाराने मोठ्या कष्टाने हात थरथरवला, ओठ चावले. पाकीट टेबलावर आलं मात्र, डोळे छताला, गुडघा ड्रॉवरला, टक. ते कसब बघून नायक बंदूक काढायचीच विसरला.

गेली बढती, असं म्हणत फौजदाराने साहेबांकडे पाहिलं. तर साहेब तो टक ऐकून झोपेत चालल्यासारखे थेट कॅमेऱ्यापुढे आलेले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर उलटी ठेवली. फौजदाराच्या हाताने ड्रॉवरमधलं पाकीट टोपीत टाकलं. साहेबांनी टोपी डोक्यावर चढवली आणि मग कुठे दोघांना दिव्यांचा उजेड जाणवला.

कॅमेरा चालूच होता.

साहेब खाकरले. "काम चोख आहे तुमचं. बढतीवर आजच सही करतो," म्हणाले आणि झपाझप दाराकडे निघाले. टोपी नेहमीपेक्षा चार बोटं उंच बसली होती.

दिग्दर्शक हात जोडून मागे धावला. "साहेब, तेवढं पाकीट ठेवून जा. पुढच्या टेकला लागेल."