चार नंबरचा निरोगी माणूस

“हा चार नंबरचा निरोगी माणूस आहे तरी कोण?” मीनाक्षी मॅडमनी कागद टेबलावर आपटला. “सांधेदुखीच्या पेशंटपेक्षा ह्याच्या रक्तात एन्झाइम जास्त! प्रमोदिनी, अशानं आजारी आणि निरोगी ह्यांत फरकच उरत नाही. सगळे नमुने नव्यानं घे.”

मागं नळाखाली परीक्षानळ्या धुणाऱ्या कडूबाचे हात थांबले. निरोगी माणसं सहासुद्धा मिळेनात, म्हणून प्रमोदिनीनं प्रयोगशाळेच्या ह्या शिपायाचंच रक्त घेतलं होतं. ‘गुडघे दुखतात का?’ ह्यापुढं ‘नाही’ असं त्यानंच ठळक लिहिलं होतं.

गुडघे गेलेल्या शिपायाला तिसऱ्या मजल्यावर ठेवत नाहीत, तळघरातल्या स्टोअरला पाठवतात. तिथं आराम असतो. कडूबाच्या आधीच्या शिपायाला, फकिराला, तो मिळाला, आणि वर्षभरात त्याचं नावही कुणी काढीना. म्हणून अकरा वर्षं कडूबा सगळ्यांच्या आधी वर चढायचा आणि सगळे गेल्यावर उतरायचा. लोक त्याला कामाचा वाघ म्हणत.

मॅडम गेल्या. प्रमोदिनी पीएच.डी.च्या आठ महिन्यांच्या आकड्यांकडं बघत बसली. सांध्यातली गादी खाणारं एक एन्झाइम आणि त्याला आवरणारं दुसरं प्रथिन, हे तिनं कडूबाला कधीतरी समजावलं होतं. “मंजी एक बुलडोझर अन् एक स्टे ऑर्डर,” तो म्हणाला होता. शहरात रस्तारुंदी पाहिलेल्या माणसाला विज्ञान लवकर कळतं.

“ताई, चार नंबर मीच हाय.”

“माहितीये मामा. पण तुम्हाला तर काही होत नाही.”

“लई होतं.”

तिनं मान वर केली. “कधीपासून?”

“अकरा वर्सं झाली. तवा नाय लिवलं, आता लिवा.”

“मॅडम तुम्हाला खाली पाठवतील.”

“पाठवू द्या. तुमचे आठ महिने मातीत नको जायला.”

चार नंबर वगळताच आकडे सरळ आले. निरोगी पुन्हा निरोगी झाले, आजारी आजारी राहिले. मॅडमनी प्रमोदिनीची पाठ थोपटली आणि त्याच पेनानं कडूबाच्या बदलीवर सही केली. त्याच्याच भल्यासाठी, असं दोनदा सांगून.

“खाली आराम पडेल, मामा,” प्रमोदिनी म्हणाली.

“व्हय. आराम तर पडंलच.”

सकाळचे अकरा वाजले होते. तास सुटला होता, जिना पोरापोरींनी भरला होता. कडूबानं कठडा धरला. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवले, मग दुसरीवर. मागं गर्दी तुंबली. कुणीतरी ओरडलं, “चलो चाचा, जल्दी!”

त्यानं बाजूला सरून त्यांना वाट दिली, आणि ती सगळी उतरून जाईपर्यंत तिथंच उभा राहिला.