साडेसदतीस अंशांची फाईल

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. चणीने अगदीच किरकोळ. चार ओळींत माझा सगळा संसार आटोपतो. कोंबडीच्या अंड्यांना ऊब किती द्यायची, तर साडेसदतीस अंश; हवा किती दमट ठेवायची, एवढंच माझ्यात लिहिलेलं आहे.

माझा जन्म आत्याच्या उबवणी केंद्रात झाला. उबवणीचं यंत्र चालवणारा प्रोग्राम तिच्या भाचीने पर्ल नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिला. आकडे मात्र तिने त्याच्या पोटात न ठेवता माझ्याकडे सोपवले. बदकाची अंडी आली, की आत्या माझ्यातला आकडा बदलायची. प्रोग्रामला हात लावावा लागत नसे. तो सुरू होताना एकदा मला वाचायचा आणि कामाला लागायचा. कौतुक सगळं त्याचंच व्हायचं. मला थोडं वाईट वाटायचं, इतकंच.

पुढे रोगाची साथ आली आणि आत्याच्या काळ्या कोंबड्या गेल्या. त्यांची शेवटची अंडी तेवढी यंत्रात होती. ती उबली नसती, तर तो वाणच संपला असता.

नेमकी तेव्हाच आत्याला आवराआवरीची हुक्की आली. "किती हा पसारा!" म्हणत तिने मला 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं. दुपारी वीज जाऊन आली आणि प्रोग्राम पुन्हा सुरू झाला. मी जागेवर नव्हते. तो हूं की चूं न करता पुढे गेला. आकडा मिळाला नाही, म्हणून त्याने शून्य धरलं. शून्यापेक्षा आत गरमच आहे, मग हीटर कशाला लावायचा, असा त्याचा हिशेब.

संध्याकाळी आत्याने यंत्राच्या काचेला हात लावला, तर काच गार.

"अगं, हा मेला काही बोलला का नाही?" ती फोनवर रडत होती.

"आत्या, चूक माझी आहे. फाईल मिळाली का, हे तपासायला मी त्याला शिकवलंच नाही."

भाची धावत आली. मला जागेवर ठेवून तिने आधी हीटर सुरू केला. मग प्रोग्रामला शिकवलं: फाईल सापडली का, नीट वाचता आली का, आकडा पटण्याजोगा आहे का, ते बघ. नसेल तर कारण दाखव आणि भोंगा वाजव.

बरीच अंडी वाया गेली. मोजकी पिल्लं निघाली. त्यांत एक कोंबडा होता, म्हणून वाण टिकला.

मित्रांनो, पसारा जरूर आवरा, पण कुणाचं काम कशावाचून अडेल ते आधी बघा. आणि हवं ते मिळालं नाही, तर मिळालं असं समजून पुढे जाऊ नका. ओरडा.

भाचीने एकदा मला मुद्दाम लपवून पाहिलं. भोंगा वाजला, पडद्यावर लाल अक्षरांत माझं नाव आलं आणि आत्या हातातलं काम टाकून धावली. इतकी वर्षं मी जागेवर होते, तेव्हा ते नाव कुणी घेतलं नव्हतं.