उरलेला राग

मखमलीवरची चूक लपत नाही. मखमलीला लव असते, आणि सगळे तुकडे लवेच्या एकाच दिशेने कापले नाहीत तर शिवल्यावर कोटाचा एक भाग लख्ख दिसतो नि दुसरा काळपट. हे मुंगीला पाठ होतं. तरीही त्या सकाळी तिने एका गायकाच्या कोटाची उजवी बाही उलटी कापली.

मुंगी हे तिचं शिवणकामाच्या दुकानातलं नाव. मान खाली, हात चालू, तोंड बंद, म्हणून काज-बटणं करणाऱ्या मावशीने ते ठेवलं होतं. चूक दिसताच मुंगीने काय केलं, तर बाही घडी घालून स्वतःच्या पिशवीत सारली आणि दाराकडे पाहिलं. नोकरी सोडण्याची तिची रीतच अशी होती. आधीच्या प्रत्येक ठिकाणी काहीतरी चुकलं, आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलेली ही बाई परत गेलीच नाही. उरलेला पगारसुद्धा कधी मागितला नाही. एरवी शहाणी, पण इथे तिचं शहाणपण पार गुडघ्यात जायचं.

हे दुकान मात्र तिला सोडायचं नव्हतं. इथल्या मोठ्या टेबलापाशी उभी राहिली की तिचा श्वास पोटापर्यंत जायचा, आणि असं तिच्या आयुष्यात फार ठिकाणी झालेलं नव्हतं. शिवाय ज्या समुपदेशक ताईंकडे ती वर्षभर जात होती, त्यांनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली होती. चूक झाली की ज्याला सांगायची त्याला त्याच दिवशी सांगायची. मुंगी त्यावर हसली होती. ताई, तुम्ही आमच्या अण्णांना पाहिलेलं नाही, असं म्हणाली होती.

अण्णा म्हणजे तिचे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण गेले असं तिच्या अंगाला अजून कुणी कळवलं नव्हतं. अण्णा ओरडायचे नाहीत. पोरांच्या हातून काही फुटलं, सांडलं, तर नुसते बघायचे आणि गप्प व्हायचे. मग कधी दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या, सगळे जेवायला बसलेले असताना, एखाद्या विनोदावर हसता हसता त्यांचा हात गालावर यायचा. कशाबद्दल, ते पोरांनी आपलं आपण आठवायचं. त्यामुळे घरातली शांतता चांगली की वाईट, हे तिला आणि तिच्या भावाला कधीच कळलं नाही.

जेवणाची सुट्टी झाली. मुंगी पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेली, पायरी उतरली, पुन्हा चढली. मावशीने विचारलं की काही विसरलीस का. ती सरळ दुकानाचे मालक असलेल्या मास्तरांपुढे गेली आणि बाही टेबलावर ठेवली.

"माझ्याकडून चुकलं," ती म्हणाली. "लव उलटी लागली."

मास्तरांनी बाही उजेडात धरली आणि त्यांचा पारा चढला. कात्री टेबलावर आपटली. डोळे काय गहाण टाकलेत का, हे कापड आता कुठून आणायचं, गायकाला काय एका बाहीचा कोट घालून उभा करू, असं बरंच काही ते बोलले. रस्त्यावरचे दोघे थांबून आत बघायला लागले. मुंगीच्या कानात नुसतं घूं झालं होतं, पण पाय जागचे हलले नाहीत. मग मास्तरांनी कापडवाल्याला फोन लावला, त्याच्याकडे त्याच ताग्याचा तुकडा निघाला, आणि ते डबा उघडून जेवायला बसले.

खरे हाल इथून पुढे झाले. दुपारभर मास्तर शांत होते. मुंगीने दोरा ओवला, तो निसटला, पुन्हा ओवला. इस्त्री तापली नव्हती तरी तिने हात मागे घेतला. मास्तर खडू घ्यायला उठले की तिचे खांदे कानांना टेकायचे. त्यांनी मावशीची थट्टा केली, मावशी खळखळून हसली, आणि मुंगीला घाम फुटला. हसणं झालं, म्हणजे आता येणार. तिला वाटलं, यायचंय ते येऊन जाऊ दे एकदाचं. मुद्दाम काहीतरी पाडावं, असंही तिच्या मनात आलं. नवा तुकडा आला, मास्तरांनी तो तिच्याचपुढे टाकला आणि काप म्हणाले. तिने लवेवरून इतक्यांदा हात फिरवला की मावशी म्हणाली, अगं, मांजर आहे का ते.

बाही कापून झाली. बरोबर कापली होती. तरी तिला राहवेना.

"मास्तर, उरलेला कधी?"

"उरलेलं काय?"

"राग. मघाचा."

मास्तरांनी चष्मा वर केला. ते आठवत होते, आणि त्यांना खरोखर आठवावं लागत होतं, हे तिला दिसलं.

"तो तेव्हाच काढला की," ते म्हणाले. "घसा दुखेपर्यंत ओरडलो. अजून कुठला उरायचाय?"

मुंगी त्यांच्याकडे बघतच राहिली. म्हणजे राग संपतो. माणूस ओरडतो, फोन लावतो, जेवतो, आणि राग संपतो. अण्णांनाही तो संपवता आला असता. त्यांनी तो राखून ठेवला होता, दिवसच्या दिवस, दोन लहान पोरांसाठी, त्यांना ताटावर बसवून. तिने दोन्ही हात टेबलावर दाबून धरले. नेहमीच्या भीतीने ते गार पडायचे. आज ते गरम होते, आणि हे काय आहे ते कळायला तिला वेळ लागला.

मावशीने हातातलं काम खाली ठेवलं. मास्तरांनी जरा बिचकत विचारलं, "काय झालं गं?"

"मला राग आलाय," मुंगी म्हणाली. "तुमचा नाही."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. कात्री उचलून खणात टाकली आणि मखमल छातीशी गोळा केली.

"मग काढ," ते म्हणाले. "एवढं कापड बाजूला घेतो."